छापचित्रांतील हंस : एक चिकित्सा

एडवर्ड मूर यांचा 'हिंदू पँथिऑन' हा ग्रंथ 1810 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ताम्रपटावर कोरलेल्या चित्रांत गरुड आहे आणि बुद्धमूर्तीही त्याच देवमंडळात बसविल्या आहेत. अशा ग्रंथांवर पोसलेली दृष्टी बौद्ध शिल्पाच्या छापचित्रात हंस दिसताच त्याला ब्रह्मदेवाचे वाहन ठरवून मोकळी होते. हे वाचन आम्हांस मान्य नाही.

मुळात तो पक्षी कोणता? युरोपीय कोरक्याचा हात लांब, नागमोडी मानेच्या 'स्वान'ला सरावलेला. दख्खनच्या पाणथळींवर तो पक्षी नाही. जायकवाडीच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरतो तो पट्टकादंब, म्हणजे इंग्रजीतला 'गूज'. अजिंठ्याच्या चित्रकारानेही असाच भरदार अंगाचा, आखूड मानेचा हंस रंगविला आहे. शिवाय उडताना हंस मान पुढे ताणतो, तर बगळा ती आखडून घेतो. उचगावच्या शिवारातला शेतकरी हे एका नजरेत सांगेल, ग्रंथकारांना मात्र ते सुचले नाही! (आकाशात दोन फराट्यांनी काढलेल्या पाखरांवरून तर काहीच ठरवू नये. ती केवळ डोंगराची उंची दाखविण्यासाठी असतात.)

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातील हंस कोणाचेही वाहन नाही. तो हंसराज धतरट्ठ, स्वतः बोधिसत्त्व होय. राजा फाशात सापडला, थवा उडून गेला, परंतु सेनापती सुमुख त्याच्यापाशीच थांबला. ते पाहून पारध्याचेही मन द्रवले. जातककथेनुसार हा सुमुख म्हणजेच पुढे भिक्खू आनंद. मैत्रीची ही कथा 'वाहन' या एका शब्दाखाली गाडली जाते, हा आमचा खरा आक्षेप आहे.

दोष केवळ परकीयांचा नव्हे. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी आपल्या घरोघरच्या कॅलेंडरांवर पांढराशुभ्र 'स्वान' होऊन सिद्धार्थाच्या मांडीवर विसावला आहे. एडविन आर्नोल्ड यांच्या 1879 च्या काव्यातही तो 'स्वान'च आहे. ही चित्रे काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांवरून बौद्ध कलेतील हंस ओळखू नये.

आणखी एक सावधगिरी. ताम्रपटावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. कोरक्याने मूळ चित्र आधीच उलटवून घेतले नसेल, तर उजवीकडे निघालेली हंसपंक्ती छापात डावीकडे जाते. तेव्हा पंक्तीच्या दिशेवरून प्रदक्षिणेविषयी काही लिहिण्यापूर्वी लेण्यातील मूळ भिंत पाहावी.