बोरघाटातील वाहतूक-नियोजन : एक टीकात्मक विचार

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग 2002 साली पूर्ण झाला. त्याने जुन्या रस्त्यावरील भार पुष्कळ हलका केला, हे निर्विवाद होय. तथापि बोरघाटात जुना व नवा मार्ग काही अंतर एकत्र येतात, आणि दोहोंची वाहने सहाच पदरांत सामावून घ्यावी लागतात. कोंडीचे मूळ येथे आहे. यावर उपाय म्हणून खोपोली ते कुसगाव असा सुमारे 13 किलोमीटरांचा दुवा योजण्यात आला. त्यायोगे सुमारे 6 किलोमीटर अंतर वाचावे, घाटातील चढ-वळणे टळावीत व इंधनाची बचत व्हावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

परंतु प्रत्येक वाहनाचे इंधन वाचले म्हणजे एकूण धूर घटलाच, असे नव्हे. गर्दीच्या वेळेची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेपर्यंत वाढत जाते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच दाखवून दिले होते. शिवाय या योजनेत मुंबई व पुणे ही दोन टोके तेवढी खरी मानली आहेत. मधला मावळ हा केवळ ओलांडून जावयाचा प्रदेश ठरतो. पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर खोळंबणारी वाहने लोणावळ्यासच आलेली असतात. बाह्य दुव्याने ती घटावीत कशी?

वस्तुतः या प्रदेशाचा कणा लोहमार्ग होय. खंडाळा-पुणे मार्ग 1858 मध्ये, तर घाटातील मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. 1929 पर्यंत पुण्यापर्यंतचे विद्युतीकरणही झाले. मळवली स्थानकापासून कार्ले व भाजे ही दोन्ही लेणी जवळ आहेत. असे असता स्थानकापासून पुढे नियमित बससेवेची जोड नसेल, तर प्रवासी घरूनच मोटार काढणार. कामशेत-वडगावकडील विद्यार्थी व कामगार यांचा रोजचा आधार असलेली लोकल तर लांब पल्ल्याच्या गाड्यांमधून वाट काढीत धावते.

रस्ते महामंडळ, रेल्वे, 2015 साली स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि नगरपरिषद यांची क्षेत्रे निराळी असली, तरी प्रवासी एकच असतो. यास्तव किती वाहने पुढे सरकली यापेक्षा किती माणसे व किती माल, किती इंधनात पोहोचला, ही कसोटी सर्वांनी मान्य करावयास हवी. त्या कसोटीवाचून घाटातील कोंडी फुटली, तरी ती लोणावळ्याच्या पेठेत येऊन साठेल.