भित्तिचित्राचे पाठभेद

शिकागोच्या दक्षिण भागात १९६७ साली कृष्णवर्णीय कलावंतांनी उभारलेले ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ हे भित्तिचित्र १९७१ च्या आगीनंतर नामशेष झाले. आज त्याचा अभ्यास मुख्यत्वे छायाचित्रांवर अवलंबून आहे. परंतु रॉबर्ट सेंगस्टॅक, रॉय लुईस प्रभृती छायाचित्रकार केवळ साक्षीदार नव्हते. त्यांची छायाचित्रे त्या भिंतीवरच बसविलेली होती. शिवाय नॉर्मन पॅरिश यांचा भाग पांढऱ्या रंगाखाली पुसला जाऊन तेथे यूजीन वेड यांनी नवे चित्र रंगविले. तेव्हा एकाच छायाचित्राला प्रमाण मानणे म्हणजे एका पोथीवरून ग्रंथ ठरविणे होय. घडतानाची व बदलतानाची छायाचित्रे कालक्रमाने लावल्यावाचून या भिंतीची संहिता सिद्ध होत नाही. आणि वस्तीचा सहभाग तर परांची व बघे यांसह घेतलेल्या छायाचित्रांतच शोधावा लागतो.