सूर्याचा पहारा आणि ढगांचा हिशोब

एखाद्या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग निर्विवाद असला, की दुसऱ्या अर्ध्याकडे वाचक सैल नजरेने पाहतो. सूर्य, विश्वकिरण आणि पृथ्वीचे हवामान यांची सांगड घालणाऱ्या लेखनाचे यश मला नेमके यात दिसते. युक्तिवाद थोडक्यात असा : सूर्य विश्वकिरणांना अडवतो, त्यामुळे पृथ्वीवर ढग कमी होतात, म्हणून पृथ्वी तापते. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ हेन्रिक स्वेन्समार्क यांनी तो मांडला आणि नायजेल काल्डर यांच्या साथीने २००७ साली ‘द चिलिंग स्टार्स’ या पुस्तकातून सामान्य वाचकांपर्यंत नेला. आपल्याकडे प्रा. यू. आर. राव यांच्यासारख्या ज्येष्ठ अवकाशशास्त्रज्ञाने २०११ साली ‘करंट सायन्स’मधील निबंधात त्याला बळ दिले. या साखळीची प्रत्येक कडी किती वजन पेलते, हे मला येथे तपासायचे आहे.

पहिली कडी भक्कम आहे. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून ५,३५० मीटर उंचीवर गेले आणि वर जावे तसे हवेचे आयनीभवन वाढते, म्हणजे हे प्रारण वरून येते, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहणाच्या वेळीही त्यांनी उड्डाण केले होते. सूर्य झाकला गेला तरी प्रारण कमी झाले नाही. सूर्य हा या किरणांचा उगम नव्हता. ‘किरण’ म्हटले तरी ते प्रामुख्याने प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रे आहेत, आकाशगंगेतून आलेले विद्युतभारित कण.

सूर्याची भूमिका उगमाची नसून पहारेकऱ्याची आहे, हे अमेरिकेच्या स्कॉट फोरबुश यांनी दाखवले. मोठ्या चुंबकीय वादळात विश्वकिरणांची तीव्रता एकाएकी घसरते, हे त्यांनी १९३७ साली नोंदवले. १९५४ साली त्यांनी दुसरी गोष्ट मांडली : सौरडागांच्या ११ वर्षांच्या चक्रात डाग वाढले की विश्वकिरण घटतात आणि डाग घटले की विश्वकिरण वाढतात. यामागची यंत्रणा युजीन पार्कर यांच्या १९५८ सालच्या सौरवाऱ्याच्या सिद्धान्तातून उलगडली. सूर्यापासून सतत वाहणारा हा वारा स्वतःबरोबर चुंबकीय क्षेत्र ओढून नेतो. त्यातल्या गाठी-गुंत्यांवर आदळत, दिशा बदलत आणि ऊर्जा गमावत विश्वकिरणांना आत यावे लागते. सूर्य खवळलेला असला की गुंता वाढतो. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘व्हॉयेजर-१’ हे यान सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२१ पट दूर, सौरवाऱ्याच्या हद्दीबाहेर पडले, तेव्हा त्याच्या उपकरणांवर विश्वकिरणांची संख्या एकदम चढली. पहाऱ्याचा इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो.

आता दुसरी कडी. स्वेन्समार्क आणि फ्रीस-क्रिस्टेन्सेन यांनी १९९७ साली उपग्रहांच्या नोंदींवरून असे मांडले, की सौरचक्राच्या काळात जगावरचे ढगांचे आच्छादन ३ ते ४ टक्क्यांनी बदलते आणि ते विश्वकिरणांच्या चढउताराशी जुळते. आलेखावर दोन रेषा शेजारी शेजारी चालताना दिसल्या आणि अनेकांची खात्री पटली. पण पुढच्या वर्षांच्या नोंदी जमल्या तेव्हा एकूण ढगांची रेषा सुटून गेली. मग २००० साली मार्श आणि स्वेन्समार्क यांनी सांगितले, की संबंध सगळ्या ढगांशी नसून ३.२ किलोमीटरच्या खालच्या ढगांशी आहे. १९९४ नंतर तीही जोडी विस्कटली, तेव्हा उपग्रहांच्या मापनातच दोष असावा, असे सुचवले गेले. उपग्रहांच्या नोंदींत दोष असू शकतात, हे मला मान्य आहे. पण नोंदी जुळतात तोवर पुरावा आणि जुळेनाशा झाल्या की सदोष, हा हिशोब मला पटत नाही.

याहून मोठी अडचण भूगोलाची आहे. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र हाही एक पहारा आहे आणि तो सर्वत्र सारखा नाही. ध्रुवांकडे कमी ऊर्जेचे कणही शिरतात, विषुववृत्ताकडे फक्त दांडगे कण. उटी येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ‘ग्रेप्स-३’ प्रयोगशाळा आहे. तेथे सरळ वरून येणाऱ्या कणाला सुमारे १७ गिगाव्होल्टचा उंबरठा ओलांडावा लागतो. इतक्या दांडग्या कणांना सूर्य फारसा अडवू शकत नाही. म्हणजे सौरचक्रातला विश्वकिरणांचा चढउतार ध्रुवांकडे मोठा आणि आपल्याकडे लहान. ढग खरोखर त्याच्या तालावर चालत असतील, तर त्यांच्या बदलातही हा फरक दिसायला हवा. ब्रिटनच्या स्लोन आणि वुल्फेंडेल यांनी २००८ साली तो शोधला. तो सापडला नाही.

तिसरी कसोटी प्रयोगाची. सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात ‘क्लाउड’ नावाचा प्रयोग खास याच प्रश्नासाठी उभारला गेला. स्वच्छ हवेच्या बंद कोठीत कणांचा झोत सोडायचा आणि सूक्ष्मकण जन्मतात का, ते पाहायचे. २०११ सालच्या निष्कर्षांनी स्वेन्समार्क यांच्या बाजूचे एक माप टाकले : आयनांमुळे सूक्ष्मकणांच्या जन्माचा वेग खरोखरच अनेक पटींनी वाढू शकतो. मात्र हे नवजात कण एक-दोन नॅनोमीटरचे असतात. थेंब धरायचा तर त्यांना वाढून पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंत पोहोचावे लागते, आणि वाटेत बहुतेक कण मोठ्या कणांना चिकटून संपतात. २०१६ साली याच प्रयोगाच्या आकड्यांवरून साऱ्या वातावरणाचे गणित मांडले गेले. सौरचक्रामुळे विश्वकिरणांत होणाऱ्या बदलाचा आजच्या ढगांवर म्हणण्याजोगा परिणाम होत नाही, असे उत्तर आले.

या पार्श्वभूमीवर प्रा. राव यांचा निबंध वाचायला हवा. विक्रम साराभाईंचे हे विद्यार्थी विश्वकिरणांच्या अभ्यासातच घडले. पहिल्या कडीवर बोलण्याचा त्यांच्याइतका अधिकार देशात थोड्यांनाच होता. गेल्या दीडशे वर्षांत विश्वकिरण सुमारे ९ टक्क्यांनी घटले, त्यामुळे दर चौरस मीटरला १.१ वॅट इतकी उष्णता वाढली, आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याच्या सुमारे ६० टक्के आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. घटीचा आकडा बेरिलियमच्या नोंदींवरून काढलेला आहे आणि त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो टक्क्यांवरून वॅटवर जाणाऱ्या पुलाला. तो पूल म्हणजे ढगांचा तोच सहसंबंध, आणि त्याची अवस्था आपण पाहिली.

काळही या मांडणीला साथ देत नाही. न्यूट्रॉन मॉनिटर या उपकरणांच्या नोंदी १९५०च्या दशकापासून अखंड आहेत. त्यांत ११ वर्षांची लाट ठळक दिसते, पण तापमानवाढीशी जुळणारी दीर्घ उतरण दिसत नाही. लॉकवुड आणि फ्रोलिश यांनी २००७ साली दाखवले, की १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सूर्याची वाटचाल तापमानवाढीच्या उलट दिशेने झाली आहे. २००९ साली सूर्य इतका शांत झाला, की विश्वकिरणांनी त्या उपकरणांवरचा तोवरचा उच्चांक गाठला. युक्तिवाद खरा असता तर ढग दाटायला आणि पृथ्वी निवायला हवी होती. प्रत्यक्षात त्या वर्षी संपलेले दशक तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण दशक ठरले.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. तापमानवाढीचा मोठा वाटा सूर्याच्या नावे लिहिला, की कोळशाच्या चिमणीच्या नावावर तेवढा कमी उरतो. प्रा. राव यांचा निबंध पर्यावरण मंत्रालयाने चर्चेसाठी पुढे ठेवला होता, यावरून अशा आकड्याचे वजन कुठवर पोहोचते ते कळते. म्हणूनच अधिकारी व्यक्तीचे नाव पाहून कडी मोजायची सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

पहिल्या कडीचे मोल यामुळे कमी होत नाही, आणि मला हळहळ वाटते ती याचीच. विश्वकिरण हवेत आदळून कार्बन-१४ आणि बेरिलियम-१० घडवतात. एक झाडांच्या वर्तुळांत साठते, दुसरे ध्रुवीय बर्फात. १६४५ ते १७१५ या काळात सौरडाग जवळजवळ नाहीसे झाले होते. तेव्हा सूर्याचा पहारा ढिला पडल्याची खूण या दोन्ही दप्तरांत आहे. दुर्बिणीच्या आधीच्या हजारो वर्षांचा सूर्य त्यांतून वाचता येतो. ही कथा मराठीत सविस्तर, तिच्या स्वतःच्या बळावर लिहिली जायला हवी. तापमानवाढीच्या वादात साक्षीदार म्हणून उभी केली, की तिच्याकडून भलतेच वदवून घेतले जाते.