खिद्रापूरचा ‘भूगोल’ आणि ‘इतिहास’ वेगळा कुणी केला?

माझा पीएचडीचा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “पूर मोजायला पीएचडी कशाला लागते? पाणी आलं, गेलं.” आज त्याचं थोडं उत्तर देते, पण आकडे न देता. नदीचे आकडे बघायच्या आधी त्या गावाबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते वाचावं लागतं, आणि माझी खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

गाव आहे खिद्रापूर. शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. कृष्णा इथं एवढं मोठं वळण घेते की गावाच्या तीन बाजूंना पाणीच. पलीकडच्या काठावर जुगूळ, आणि ते कर्नाटकात. कोपेश्वर मंदिरामुळं गाव सगळ्यांना माहीत आहे. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताखाली उभं राहून फोटो न काढलेला माणूस आपल्याकडं सापडणं अवघड.

या भागाबद्दल वाचायचं तर सगळे जण १८८६ च्या गॅझेटियरपाशी जातात. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा चोविसावा, कोल्हापूरचा खंड. त्याला नावं ठेवायच्या आधी त्याचं देणं मान्य करायला हवं. पिकं, जमिनी, बाजार, जाती, शेतसारा हे सगळं एका जागी, बऱ्यापैकी शिस्तीत मांडलेलं दुसरं जुनं साधन आपल्याकडं नाही. मी स्वतः ते रोज उघडते.

माझी तक्रार त्याच्या मांडणीबद्दल आहे. नद्या पहिल्या प्रकरणात, डोंगर आणि हवामानाच्या शेजारी. राजे आणि लढाया इतिहासाच्या प्रकरणात. आणि गाव शेवटी, ‘ठिकाणं’ या यादीत. त्यामुळं खिद्रापूर म्हणजे मंदिर, कोरीवकाम आणि शिलालेख एवढंच उरतं. नदी ‘भूगोला’त अडकते आणि गाव ‘इतिहासा’त. नंतरच्या लिखाणानं हीच चौकट उचलली. आज कुठल्याही गावाचं माहितीपान उघडा: भूगोल दोन ओळी, इतिहास दोन परिच्छेद, मग प्रेक्षणीय स्थळं. तिन्ही भाग एकमेकांशी बोलतच नाहीत.

गंमत म्हणजे ही चौकट टिकत नाही, हे खिद्रापूरचाच पुरावा सांगतो. तीन उदाहरणं बघू.

पहिलं, मंदिरातला शिलालेख. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात कोपेश्वराच्या पूजेसाठी कुडलदामवाड हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे आणि अभ्यासक ते आजचं कुरुंदवाड मानतात. कन्नडमध्ये ‘कूडल’ म्हणजे संगम. पंचगंगा कृष्णेला मिळते ती त्याच परिसरात, नरसोबाच्या वाडीला. म्हणजे देवळाचा खर्च चालावा म्हणून दिलेलं गाव संगमाजवळचं, गाळाच्या जमिनीचं. हा इतिहास आहे की भूगोल?

दुसरं, कोप्पमची लढाई. १०५४ मध्ये चालुक्य आणि चोळ यांच्यात ती झाली आणि चोळ राजा राजाधिराज तिच्यात मारला गेला. काही अभ्यासक कोप्पम म्हणजे खिद्रापूर असं मानतात, काही कर्नाटकातलं कोप्पळ. वाद मिटलेला नाही. पण खिद्रापूरच्या बाजूनं दिला जाणारा एक मुद्दा हा की, चोळांच्या लेखात कोप्पम ‘मोठ्या नदीच्या काठी’ असल्याचं म्हटलंय. राजाच्या मरणाची जागा ठरवायला शेवटी नदीच साक्षीला बोलवावी लागते.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. कोपेश्वरापुढं नंदी नाही. लोक सांगतात, नंदी यडूरला आहे. यडूर कृष्णेच्याच काठी, खालच्या अंगाला, आज बेळगाव जिल्ह्यात. कथा म्हणून ती खरी-खोटी कशीही असो, पण एकाच नदीवरची दोन गावं तिनं बांधून ठेवली आहेत. दूधगंगा कृष्णेला मिळते ती त्याच यडूरच्या आसपास. खाली दोन नद्यांची गाठ पडली की वरच्या पाण्याचा निचरा मंदावतो, हे मी आलेख काढून दाखवणार. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनं देव एका राज्यात आणि नंदी दुसऱ्या राज्यात ठेवला. मापनाची माहितीही तशीच दोन राज्यांच्या दोन दप्तरांत विभागली गेली.

आता याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. सांगते.

२००५, २०१९ आणि २०२१. या तीन पुरांत शिरोळ तालुक्यानं काय सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीचे पूर? ते कुठल्याच ‘इतिहासा’त नाहीत, कारण पूर म्हणजे भूगोल आणि भूगोल बदलत नाही, असं आपण धरून चाललो. गावांत फिरताना मला खुणा लागतात: कुठल्या पायरीला पाणी लागलं, कुठल्या ओढ्यानं ते मागनं आत आलं. नदीचं पाणी बऱ्याचदा नदीकडून येतच नाही. सखल भागातनं, ओढ्यानं उलटं चढतं आणि आधी रस्ता तोडतं. हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे, पण कागदावर नाही. भिंतीवरची रेघ तर पुढच्या दिवाळीच्या रंगात जाते. स्थलांतर कुठं करायचं, नवीन घर कुठं बांधायचं, पर्यायी रस्ता कुठून काढायचा हे ठरवताना मग हाताशी काय असतं? मंदिराचं सुंदर वर्णन.

जर्मनीत माइन आणि टाउबर या नद्यांच्या संगमावर वेर्टहाइम नावाचं गाव आहे. तिथं इमारतींवर जुन्या पुरांच्या पातळ्या वर्षासकट कोरून ठेवल्यात. वर्ष वाचलं की इतिहास, उंची बघितली की भूगोल. एकाच दगडावर दोन्ही. आपण कोपेश्वराच्या दगडाला हात लावायचा प्रश्नच नाही, तो संरक्षित आहे. पण शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पितळेची एक पट्टी बसवायला कुणाची ना नसावी.

तर माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण एवढंच म्हणतं: खिद्रापूरचा इतिहास लिहायचा तर नदीपासून लिहा. आणि तुम्ही नदीकाठच्या गावातले असाल तर एक काम करा. यंदा घर रंगवायच्या आधी भिंतीवरच्या रेघेची जमिनीपासूनची उंची मोजा आणि वर्षासकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या गॅझेटियरला ती वही लागेल.