भिक्षापात्र आणि बेडी

न्यायालयाचे निकाल वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे रीत नाही. ते वकिलांच्या कपाटात राहतात, आणि वकीलही त्यांतून आपल्या अशिलाच्या कामापुरता उतारा काढून ग्रंथ मिटतात. तरीही एखादा निकाल असा असतो की, त्याचे परीक्षण सर्वसामान्य वाचकांसमोर व्हावे असे आम्हांस वाटते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागण्याच्या गुन्ह्याविषयी दिलेला निकाल त्यांपैकी एक होय. हर्ष मंदर आदींनी २००९ साली केलेली याचिका व २०१५ सालची दुसरी एक याचिका यांचा एकत्र विचार करून प्रभारी मुख्य न्यायमूर्ती गीता मित्तल व न्यायमूर्ती सी. हरि शंकर यांनी तो दिला. देवळाच्या पायरीवर कधी ना कधी कोणाच्या हातावर नाणे ठेवणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

ज्या कायद्यावर हा निकाल आहे तो मुंबईचा, १९५९ सालचा. पुढे तो दिल्लीस लागू करण्यात आला. त्यातील भीक मागण्याची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी हात पसरणे ही भीक तर खरीच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काही विकावयास पुढे करणे यांच्या निमित्ताने मागितले तरी तीही भीकच. खाजगी आवारात शिरून मागणे हीही भीक. म्हणजे पहाटे मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवीत आपल्या अंगणात येणारा वासुदेव या व्याख्येतून सुटत नाही. ज्याच्या ओंजळीत आपल्या आजीने सुपातले तांदूळ घातले, तो कायद्याच्या दृष्टीने आरोपी!

व्याख्येचे आणखी एक अंग तर याहून कठोर आहे. उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी फिरणारा वा राहणारा माणूस भिकेवर जगत असावा असे त्याच्या स्थितीवरून वाटले, की पुरे. त्याने हात पसरलाच पाहिजे असे नाही. ज्याला घर नाही, त्याने सार्वजनिक जागी राहावयाचे नाही तर कोठे? बेघर असणे आणि आरोपी असणे यांतील अंतर येथे शिपायाच्या नजरेएवढेच उरते.

पुढची वाट सरळ तुरुंगासारख्या दारापर्यंत जाते. पोलिसांनी वॉरंटावाचून पकडावे, दंडाधिकाऱ्याने संक्षिप्त चौकशी करावी, आणि पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात स्थानबद्ध करावे. पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांवर जाऊ शकते. समज देऊन, बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. पण हा पुन्हा भीक मागणार नाही अशी न्यायालयाची खात्री पटली तरच. उपाशी माणसाने ही खात्री कशाच्या बळावर द्यावी? त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेत साध्या चोरीस जास्तीत जास्त तीन वर्षे कैद होती, आणि नुसत्या दंडावर सोडणेही शक्य होते. चोरून खाणाऱ्यापेक्षा मागून खाणारा अधिक अडकावा, हा कोणता न्याय?

निकालाचा मोठेपणा असा की, तो या प्रश्नापासून दूर सरत नाही. समता सांगणारे संविधानाचे चौदावे कलम आणि जीवित व स्वातंत्र्य यांचे रक्षण करणारे एकविसावे कलम यांच्या कसोटीवर तो हा कायदा घासून पाहतो. प्रजेला अन्न व निवारा पुरविण्यात शासन उणे पडले, तर त्या उणेपणाची शिक्षा प्रजेला कशी देता येईल, हा त्याचा गाभा. भीक मागणे हाच गुन्हा ठरविणारी कलमे त्याने दिल्लीपुरती रद्द केली. दुसऱ्यास भीक मागावयास लावणाऱ्याला शिक्षा देणारे कलम मात्र राखले. भाषा साधी आहे, आणि पांडित्याचे ओझे युक्तिवादावर पडलेले नाही.

तथापि दोन उणिवा नोंदविल्यावाचून राहवत नाही. पहिली ही की, बेडी निघाल्यावर त्या माणसाने रात्री कोठे निजावे, याविषयी कसलाही बांधील आदेश येथे नाही. शासनाचे कर्तव्य सांगितले जाते आणि तेथेच थांबते. न्यायालयाने शासनाचा कारभार चालवू नये, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे व काही अंशी मान्यही आहे. पण मग जो हक्क मिळाला तो पोलिसांविरुद्धचा आहे, भुकेविरुद्धचा नव्हे, हेही मान्य करावे लागेल.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. निकालाचा सारा भार मागणाऱ्याच्या असहायतेवर आहे. असहाय नसलेल्या वासुदेवाचे, गोसाव्याचे, जोगवा मागणाऱ्या स्त्रीचे काय? मागणे हे एक बोलणे आहे. ऐकणारा नाही म्हणावयास मोकळा असतो. याच न्यायालयाच्या २००६ सालच्या रामलखन प्रकरणातील निकालाने भीक आणि भाषणस्वातंत्र्य यांच्या नात्याला स्पर्श केला होता. तो धागा २०१८ साली पुढे नेला असता, तर दयेच्या जागी हक्क उभा राहिला असता. मुंजीत सधन घरचा बटूही आईपुढे झोळी धरतो, ती असहाय म्हणून नव्हे. मागण्यात हीनता नाही, हेच त्या संस्काराने शिकविले.

या निकालाने महाराष्ट्रातील मूळ कायदा रद्द झाला नाही. गोव्यातही याच विषयावर १९७२ साली स्वतंत्र कायदा झाला. २०२१ साली, महामारीच्या काळात, भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटविण्याचा आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पण कोणाही वकिलाने आपले काम संपले असे समजू नये.

आम्ही तर मुळीच समजू नये. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानासाठी, जत्रेआधी भिकाऱ्यांचा बंदोबस्त व्हावा, असा पोलिसांना द्यावयाचा अर्ज आम्हीच लिहून दिला होता. मसुदा अर्ध्या तासात झाला, आणि 'बंदोबस्त' या शब्दापुढे त्या माणसांचे काय होते हे आम्ही विचारले नाही. देणाऱ्याला पुण्य व घेणाऱ्याला स्थानबद्धता, असा विभाग आम्ही आपल्या हाताने करून दिला. हा निकाल वाचताना तो अर्ज आठवत राहिला. आज तेच काम आले, तर पायरीवरून कोणालाही न उठविता त्यांच्यासाठी ओळ, सावली आणि पाणी यांची व्यवस्था काय करावी, एवढाच मसुदा आम्ही करू.