द्राक्षमद्याचा व्यवसाय आणि नियंत्रणमुक्तीचा अर्थ

नियंत्रणमुक्ती या शब्दात मुक्तीची जी ग्वाही आहे ती नेमकी कोणासाठी, असा प्रश्न अर्थशास्त्रीय विवेचनात क्वचितच विचारला जातो. दक्षिण आफ्रिकेतील द्राक्षमद्यव्यवसायाच्या पुनर्रचनेविषयी योआखिम एवर्ट आणि अँड्रीस डू टॉइट यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला लेख या प्रश्नाला सरळ भिडतो, हे त्याचे मोल होय.

विषयाची पूर्वपीठिका ध्यानात घेणे अवश्य आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या केडब्ल्यूव्ही या उत्पादकांच्या सहकारी संघास १९२४ च्या कायद्याने ऊर्ध्वपातनाच्या मद्याचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार मिळाला. १९४० मध्ये त्याची कक्षा वाढली आणि १९५७ पासून उत्पादनाचे वाटेही ठरू लागले. या व्यवस्थेने मळेवाल्यास भावाची हमी दिली. मजुराच्या वाट्यास मालकाच्या जागेतील घर आले आणि मजुरीचा भाग म्हणून दारू. ही ‘डॉप’ प्रथा कायद्याने निषिद्ध ठरल्यावरही दीर्घकाळ टिकून राहिली. १९९२ साली उत्पादनाचे वाटे संपुष्टात आले. १९९७ साली संघाचे कंपनीत रूपांतर झाले.

याच दशकात कामगारविषयक कायदे प्रथमच मळ्यांपर्यंत पोहोचले. १९९७ च्या कायद्याने मजुरांच्या निवासास संरक्षण दिले, तर २००३ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन निश्चित झाले. म्हणजे मालाचा बाजार मुक्त होत असतानाच श्रमाचा बाजार नियमबद्ध होत होता. या दुहेरी दडपणाखाली अनेक मळेवाल्यांनी कायम मजूर कमी केले आणि हंगामी मजूर कंत्राटदारांकरवी घेतले. दोष केवळ बाजाराचा किंवा केवळ कायद्याचा, असा सोपा निवाडा लेखकद्वय देत नाही. त्यांच्या मते दोहोंच्या संयोगाने ग्रामीण समाजातील दरी अधिक खोल झाली.

ही मीमांसा सामान्यतः मान्य व्हावी. तथापि कायम आणि हंगामी या भेदावर फार भार दिल्यास एक गोष्ट नजरेआड होण्याचा संभव आहे. जुन्या कायम मजुराचे स्थैर्य हा त्याचा हक्क नव्हता. ती मालकाची मर्जी होती. स्त्रीचे घर व काम तर बहुधा पतीच्या नोकरीवर अवलंबून असे. अशा स्थैर्याच्या लोपाला निव्वळ हानी म्हणता येत नाही; पण त्याच्या जागी हक्क न येता केवळ अनिश्चितता आली, ही खरी हानी होय.

लेखाचा निराश सूरही पुढील इतिहासाच्या प्रकाशात तपासून पाहावा लागतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये खाण्याच्या द्राक्षांच्या डी डोर्न्स परिसरात संप उसळला आणि तो पश्चिम केप प्रांताच्या इतर भागांतही पसरला. ज्यांना सर्वांत असंघटित मानले जाई ते हंगामी मजूर त्यात अग्रभागी होते. मागणी रोज १५० रँडची होती. मार्च २०१३ पासून किमान वेतन ६९ वरून १०५ रँड झाले. मागणी पुरी झाली नाही. परंतु मजूर हा केवळ परिणाम सोसणारा घटक आहे, ही कल्पना मात्र त्यानंतर टिकू शकत नाही.

तात्पर्य, नियंत्रणमुक्तीने अनिश्चितता निर्माण केली एवढे सांगून भागत नाही. पूर्वी भावाच्या चढउताराची जोखीम संघ पेलत असे. ती पुढे मळेवाल्याकडे आणि तेथून मजुराकडे सरकली. जमिनीची मालकी मात्र बहुतांशी जागच्या जागी राहिली. म्हणून कोणत्याही मुक्तीचे मूल्यमापन करताना निर्यातीच्या आकड्यांबरोबरच जोखमीचा हा प्रवासही मोजला पाहिजे.