काटकसरी जनुकाचे प्रश्नचिन्ह

विशी-तिशीतल्या एखाद्याच्या रक्तातली साखर वाढलेली आढळली, की "आमच्या जनुकांतच आहे ते" असे उत्तर हल्ली सर्रास ऐकू येते. या उत्तरामागे पुष्कळदा एक जुना निबंध उभा असतो. मिशिगन विद्यापीठातील आनुवंशिकीतज्ज्ञ जेम्स नील यांनी तो १९६२ साली लिहिला. त्याचा उल्लेख करणारे खूप. मुळातून वाचणारे थोडे.

नील यांना पडलेला प्रश्न अस्सल आहे. मधुमेह ऐन प्रजननाच्या वयातही गाठतो, गर्भारपणात अपाय करतो. मग त्याला अनुकूल जनुके नैसर्गिक निवडीने केव्हाच मागे का पडली नाहीत? त्यांचे उत्तर असे : शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या पूर्वजांच्या वाट्याला कधी सुकाळ, कधी उपासमार येई. मिळेल तेव्हा चरबी साठवून ठेवणारे शरीर त्यात तगले. आता रोजच पोटभर मिळते, म्हणून तीच काटकसर अंगाशी येते.

ही मांडणी वर्गात पाच मिनिटांत सांगता येते आणि मुलांना ती पटकन पटते. आम्हाला धास्ती वाटते ती नेमकी याचीच. गोष्ट जुळून आली म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. नील यांना याची जाण होती. त्यांनी शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवले होते; पुढे इतरांच्या लिखाणात ते वाटेत कुठेतरी गळून पडले. इन्शुलिनच्या कार्याबद्दल त्यांनी बांधलेला तर्क टिकला नाही, हेही त्यांनी स्वतःच नंतर मान्य केले.

पुढे जनुके वाचण्याचे तंत्र हाती आले आणि कल्पना तपासणे शक्य झाले. निबंध ज्या नियतकालिकात आला होता त्यातच २०१४ साली मधुमेहाशी निगडित ६५ जनुकीय स्थानांची छाननी प्रसिद्ध झाली. धोका वाढवणाऱ्या रूपांना निवडीने सरसकट उचलून धरल्याची खूण तीत आढळली नाही. त्याहून बोलका दाखला सामोआ बेटांचा. तिथल्या लोकांत एका जनुकाचे असे रूप २०१६ साली सापडले, की ज्याने पेशी चरबी जास्त साठवतात आणि ऊर्जा कमी खर्चतात. काटकसरी म्हणावे असेच! ते असलेल्यांचे वजन अधिक भरते खरे, पण त्यांना मधुमेहाचा धोका मात्र कमी असतो. नील यांचा निबंध शिकवायचाच असेल, तर हा दाखला सोबत ठेवावा.

जनुकांचा वाटाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. यकृताच्या पेशी रक्तातले कोलेस्टेरॉल ज्या ग्राहीच्या मदतीने उचलतात, त्या ग्राहीच्या जनुकात दोष असला तर कोलेस्टेरॉल जन्मापासून चढे राहते आणि उपचार न झाल्यास ऐन तरुणपणी हृदयविकार गाठू शकतो. इथे "जनुकांतच आहे" हे म्हणणे रास्त आहे. पण मधुमेहात शेकडो जनुकांचा प्रत्येकी लहानसा हात असतो, आणि घराण्यात चालत आलेले सगळेच जनुकांतून आलेले नसते. १९९२ साली हेल्स आणि बार्कर यांनी नील यांचाच शब्द उचलून वेगळा विचार मांडला : काटकसर जनुकांत लिहिलेली नसेलही, पोटात असताना अन्न अपुरे पडले की वाढणारा गर्भ ती अंगी बाणवतो.

या दुसऱ्या विचाराची कसोटी आपल्याजवळच चालू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीपासून ठेवायला सुरुवात केली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गंमत अशी, की आपल्या बाळांचे स्नायू कमी पडले होते, त्वचेखालची चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती. ही मुले अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. २०२१ साली छापून आलेल्या आकड्यांनुसार ३७ टक्के मुलांच्या आणि १८ टक्के मुलींच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती; आणि तपासलेल्यांपैकी ४८ टक्के तर प्रमाणापेक्षा कमी वजनाची होती. रोजच्या सुकाळाने लठ्ठ झालेल्या माणसाची नील यांची गोष्ट या खेड्यांतल्या किडकिडीत पोरांना लागू पडत नाही.